हिंगूळ आणि कज्जली : पाऱ्याच्या सल्फाइडची संरचना आणि गुणधर्म

मर्क्युरिक सल्फाइड हे पारा आणि गंधक यांचे एकास एक अणू या प्रमाणातले संयुग आहे. पाऱ्याचा अणू गंधकाच्या अणूपेक्षा सहापटीहून जड असल्याने वजनाच्या हिशेबात या संयुगाचा सुमारे ८६ टक्के भाग पाराच असतो. घटक ठरलेले, प्रमाण ठरलेले, तरी हे संयुग दोन अगदी वेगळ्या रूपांत मिळते. एक गडद लाल आणि चकाकदार. खनिजशास्त्रात त्याला सिनाबार म्हणतात, मराठीत हिंगूळ. दुसरे काळे, त्याचे खनिजशास्त्रीय नाव मेटासिनाबार. आयुर्वेदाच्या रसशाळेत पारा आणि गंधक खलात घोटून होणारी कज्जली मुख्यतः याच काळ्या रूपाची असते. हायपरसिनाबार नावाचे तिसरे, षट्कोनी रूपही नोंदले गेले आहे, पण ते इतके दुर्मीळ आहे की त्याचा उल्लेख पुरे.

लाल आणि काळ्या रूपांत फरक रंगापुरता नाही. घनता, विद्युतवहन, प्रकाशाशी वागणूक, उष्णतेत टिकण्याची मर्यादा, सगळ्यांतच तो आहे. पाऱ्याचा अणू गंधकाच्या किती अणूंना जवळ घेतो, दोन की चार, या प्रश्नापाशी त्यातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ सापडते.

काळ्या रूपाची रचना समजायला सोपी आहे. झिंक सल्फाइडच्या स्फॅलेराइट या खनिजात अणू जसे मांडलेले असतात, तशीच ही घनीय मांडणी. प्रत्येक पाऱ्याभोवती गंधकाचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, आणि प्रत्येक गंधकाभोवती पाऱ्याचे चार. पारा-गंधक अंतर २.५३ अँगस्ट्रॉम, तर एकक घनाची बाजू ५.८५ अँगस्ट्रॉम. आवर्त सारणीत जस्त, कॅडमियम आणि पारा एकाखाली एक येतात. जस्त आणि कॅडमियम यांची सल्फाइडे चार शेजाऱ्यांची मांडणी पत्करतात, तेव्हा पाऱ्यानेही ती पत्करावी यात नवल नाही. नवल आहे ते सामान्य तापमानाला स्थिर असलेले रूप हे नव्हे, दुसरेच, याचे.

हिंगुळात पाऱ्याला जवळचे शेजारी दोनच असतात. पारा आणि गंधक आळीपाळीने जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या बनतात. या साखळ्या सरळ नसतात. स्फटिकाच्या मुख्य अक्षाभोवती त्या वळत्या जिन्यासारख्या चढत जातात आणि तीन पारे व तीन गंधक झाले की एक फेरा पूर्ण होतो. साखळीतले पारा-गंधक अंतर सुमारे २.३७ अँगस्ट्रॉम, म्हणजे काळ्या रूपातल्यापेक्षा बरेच कमी. पाऱ्यापाशी बंधांचा कोन १७२ अंशांच्या आसपास, जवळजवळ सरळ रेषा. खरे वळण पडते ते गंधकापाशी, तिथला कोन सुमारे १०५ अंश. शेजारच्या साखळ्यांतले गंधकाचे आणखी चार अणू पाऱ्याभोवती असतातच, दोन सुमारे ३.१ आणि दोन सुमारे ३.३ अँगस्ट्रॉमवर. ते धरले तर पाऱ्याभोवती सहा शेजारी होतात आणि सगळी रचना मिठाच्या स्फटिकाची ओढूनताणून वाकडी केलेली आवृत्ती वाटते. दोन्ही वर्णने पुस्तकांत आढळतात. भूमितीसाठी दुसरे सोयीचे असले तरी रसायनाचे आकलन पहिल्यानेच होते, कारण खरा बंध साखळीतल्या दोन गंधकांशीच आहे.

साखळ्या आपापसांत सैल बांधलेल्या असल्याने हिंगूळ मऊ असतो. मोहस मापनश्रेणीवर त्याचा कठीणपणा २ ते २.५, म्हणजे नखाने ओरखडा उठेल-न उठेल इतका. साखळ्यांना समांतर असलेल्या प्रतलांवर तो सहज आणि स्वच्छ चिरतो. तरीही हाताला तो अनपेक्षित जड लागतो, कारण त्याची घनता पाण्याच्या आठपटीहून अधिक आहे. काळ्या रूपाची घनता ७.७ च्या आसपास, म्हणजे लाल रूपापेक्षा कमी. एकेका पाऱ्याला जवळचे शेजारी कमी असूनही लाल स्फटिक अधिक घट्ट भरलेला आहे. साखळ्या एकमेकींच्या खोबणींत बसतात आणि तिथे जागा वाचते.

पाऱ्याला दोनच बंधांची एवढी ओढ का, याचे उत्तर त्याच्या जडपणात आहे. पाऱ्याच्या केंद्रकात ८० प्रोटॉन असतात. इतक्या धनभाराजवळ फिरणाऱ्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होतो आणि सापेक्षतावादाचे परिणाम नजरेआड करता येत नाहीत. परिणामी आतलीच नव्हे तर बाहेरची गोल कक्षाही आकसते आणि तिच्यातले दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाशी अधिक घट्ट धरले जातात. पहिला इलेक्ट्रॉन काढण्यासाठी लागणारी ऊर्जा जस्तात ९.३९, कॅडमियममध्ये ८.९९ आणि पाऱ्यात १०.४४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. खाली जाताना ती कमी होत जावी, पण पाऱ्यापाशी उलट वाढते. पारा सामान्य तापमानाला द्रव राहतो त्यामागेही हेच कारण आहे. असा अणू चार बाजूंना सारखा हात पसरण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन दिशांना मजबूत बंध करणे पसंत करतो. मर्क्युरिक क्लोराइडचा रेणू सरळ रेषेत असतो तोही याच सवयीने.

ही सवय फक्त सल्फाइडमध्ये दिसते असे नाही. मर्क्युरिक ऑक्साइडचे एक रूप हिंगुळासारख्याच सर्पिल साखळ्यांचे आहे. सेलेनाइड आणि टेल्युराइड ही पाऱ्याची संयुगे सामान्य स्थितीत चार शेजाऱ्यांची मांडणी घेतात, पण त्यांच्यावर तुलनेने थोडा दाब दिला की तीही हिंगुळाच्या रचनेत जातात. झिंक सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइड मात्र दाबाखाली सरळ मिठाच्या रचनेकडे वळतात, साखळ्यांचा मधला मुक्काम ती घेत नाहीत.

जिना डावीकडे वळत चढू शकतो किंवा उजवीकडे. हिंगुळाचे स्फटिकही तसेच दोन प्रकारचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. क्वार्ट्झच्या स्फटिकांत हा प्रकार जास्त प्रसिद्ध आहे. अशा स्फटिकातून ध्रुवित प्रकाश मुख्य अक्षाच्या दिशेने गेला की त्याचे कंपनप्रतल फिरते. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ देक्लवाझो याने १८५७ मध्ये हा गुण हिंगुळात दाखवला, आणि तो क्वार्ट्झपेक्षा कितीतरी पट तीव्र निघाला. प्रकाशाच्या बाबतीत हिंगूळ इतरही अनेक अंगांनी टोकाचा आहे. त्याचा अपवर्तनांक एका दिशेने सुमारे २.९ आणि दुसऱ्या दिशेने सुमारे ३.२५ भरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, हे लक्षात घेतले की हिंगुळाच्या चांगल्या स्फटिकाला हिऱ्याची चकाकी का येते ते कळते. दोन दिशांमधला ०.३५ एवढा फरकही खनिजांत क्वचित आढळतो. साखळीच्या दिशेने इलेक्ट्रॉन सहज हलतात, तिच्या आडव्या दिशेने तितके नाही, म्हणून हा फरक.

लाल रंगाचा खुलासा ऊर्जेच्या भाषेत सरळ आहे. हिंगूळ हा अर्धवाहक आहे आणि त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला बंधातून सुटून मोकळे फिरण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, सुमारे २ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशाच्या कणांत याहून अधिक ऊर्जा असते, म्हणून ते शोषले जातात. लाल प्रकाश शोषला जाण्याइतका समर्थ नसतो, तो परत येतो. शोषणाची कडा तीव्र असल्याने रंग मळकट न वाटता भडक, स्वच्छ वाटतो. त्याच गटात झिंक सल्फाइडचा बँड गॅप साडेतीनहून अधिक म्हणून ते पांढरे, कॅडमियम सल्फाइडचा सुमारे २.४ म्हणून ते पिवळे. रंगद्रव्याच्या कणांचा आकारही छटा ठरवतो. भरड भुकटी गडद, किरमिजीकडे झुकणारी, तर बारीक भुकटी नारिंगी छटेची दिसते.

काळ्या रूपात बँड गॅप जवळजवळ नाहीसा होतो. दृश्य प्रकाशाचा प्रत्येक रंग शोषला जातो आणि पदार्थ काळा दिसतो. त्याची गणना अर्धधातू आणि अतिशय लहान बँड गॅपचा अर्धवाहक यांच्या सीमेवर होते. त्याच्या इलेक्ट्रॉन पट्ट्यांचा क्रम उलटा आहे का, आणि म्हणून तो आतून रोधक पण पृष्ठभागावर वाहक अशा टोपोलॉजिकल पदार्थांत मोडतो का, हा प्रश्न २०११ च्या सुमारास सैद्धांतिक गणितांतून पुढे आला. शुद्ध आणि मोठे काळे स्फटिक मिळणे अवघड असल्याने प्रयोगांची गती गणितांच्या मागे आहे.

हिंगूळ तापवत नेला तर सुमारे ३४४ अंश सेल्सिअसला तो काळ्या रूपात बदलतो. उलट प्रवास मात्र सुस्त असतो. थंड झालेला काळा पदार्थ ऊर्जेच्या हिशेबाने लाल व्हायला हवा, पण साखळ्या बांधण्यासाठी जुने बंध तोडावे लागतात आणि थंड स्फटिकात तेवढी हालचाल नसते. पाऱ्याच्या जागी थोडे जस्त किंवा लोह शिरले असेल तर काळे रूप आणखी टिकाऊ होते. ते धातू चार शेजाऱ्यांचे पक्षपाती, त्यामुळे सगळी मांडणी धरून ठेवतात. निसर्गात मेटासिनाबार सामान्य तापमानालाही सापडते ते बरेचदा या अशुद्धींच्या जोरावर. आणखी तापवल्यास ६०० अंशांच्या अलीकडे संप्लवन होते, म्हणजे घन न वितळता वायुरूप होतो. या वायूत मर्क्युरिक सल्फाइडचे रेणू अखंड राहत नाहीत. पाऱ्याची आणि गंधकाची वाफ वेगळी होते आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा संयोग पावते. तो पृष्ठभाग ३४४ अंशांहून थंड असेल तर थर लाल बसतो.

रसशास्त्राच्या परंपरेतल्या कृती या दोन रूपांच्या संदर्भात तपासल्या की त्यांचे रसायन बरेच उलगडते. शोधित पारा आणि शोधित गंधक खलात घोटत राहायचे, पाऱ्याचा एकही चकाकता कण दिसेनासा होऊन मिश्रण 'निश्चंद्र' होईपर्यंत. या घोटण्यात उष्णता फारशी नसते. पटकन बनणारे रूप बनते, ते काळे. ही कज्जली. हीच कज्जली कापडमाती केलेल्या काचकूपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, मंद ते तीव्र आचेवर तापवली की जादा गंधक आधी धुराने आणि निळसर ज्वाळेने निघून जातो. कूपीचे तोंड गंधकाने तुंबू नये म्हणून तापवलेली सळई मधून मधून आत घालतात. ज्वाळा थांबली की तोंड बंद करून आच वाढवतात. कूपी फोडल्यावर मानेशी लाल स्फटिकी थर मिळतो, तो रससिंदूर. सोने घालून हीच कृती केल्यास मकरध्वज, आणि त्यातले सोने बहुतांशी तळाशी उरते. क्ष-किरणांनी तपासले असता कज्जलीत मेटासिनाबारची आणि रससिंदुरात हिंगुळाची मांडणी मिळते.

एक आकडा इथे लक्षात घेण्यासारखा आहे. संयुग होण्यासाठी पाऱ्याच्या वजनाच्या फक्त १६ टक्के गंधक लागतो. परंपरेत समगुण म्हणजे समान वजनाचा गंधक घेतात, तोच गरजेच्या सहापट झाला. षड्गुण कृतीत तो गरजेच्या सदतीसपटींच्या घरात जातो. मोकळा पारा उरू न देण्याच्या दृष्टीने ही उधळपट्टी उपयोगी आहे. आधुनिक कारखान्यातही पारा पूर्ण बांधायचा असेल तर गंधक जास्तच घेतात, इतका मात्र नाही. उलट दिशेची कृतीही परंपरेत आहे. हिंगूळ लिंबाच्या रसात खलून डमरूयंत्रात, म्हणजे तोंडाला तोंड जोडलेल्या दोन भांड्यांत, तापवतात, वरच्या भांड्याच्या थंड तळाला पारा जमतो. त्याला हिंगुळोत्थ पारद म्हणतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात या यंत्रांचे आणि कृतींचे तपशील जुन्या रसग्रंथांतून एकत्र केले आहेत.

हिंगुळातून पारा मिळवण्याची व्यापारी पद्धत साधी आहे. धातुक हवेत भाजले की गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन जातो आणि पारा वाफेच्या रूपाने निघतो, ती वाफ थंड करून घ्यायची. पाऱ्याचा ऑक्साइड या तापमानाला टिकत नाही, म्हणून कोळशाची गरज पडत नाही. याहून जुनी युक्ती ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या शेवटी नोंदवली आहे : तांब्याच्या खलात तांब्याच्या बत्त्याने सिनाबार व्हिनेगर घालून घोटायचा. तांबे गंधक घेते, पारा मोकळा होतो. धातुकाचे साठे ज्वालामुखी आणि उष्ण झऱ्यांच्या प्रदेशांत, कमी खोलीवर, तुलनेने कमी तापमानाच्या द्रावणांतून बसतात. स्पेनमधील आल्मादेन, स्लोव्हेनियातील इद्रिया, पेरूमधील वांकावेलिका आणि चीनमधील ग्वेइजौ प्रांत ही त्यांची मोठी ठिकाणे. आल्मादेनची खाण दोन हजारांहून अधिक वर्षे चालली, इद्रियाची सुमारे पाचशे. २०१२ मध्ये युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवले. भारतात पाऱ्याच्या खाणी नाहीत. इथला पारा आणि हिंगूळ पूर्वीपासून व्यापारातून आलेला.

पाण्यात या संयुगाची विद्राव्यता जवळजवळ शून्य धरतात. विद्राव्यता गुणाकार दहाच्या उणे बावन्नाव्या घाताच्या आसपास सांगितला जातो. त्यावरून हिशेब केला तर शेकडो लिटर पाण्यात पाऱ्याचा एखादाच आयन सुटा मिळावा. हे कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्षात पारा सुटा न राहता गंधक किंवा सेंद्रिय रेणूंशी जोडून द्रावणात जातो आणि खरी विद्राव्यता कितीतरी अधिक निघते. महाविद्यालयीन गुणात्मक विश्लेषणात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर अवक्षेप पांढरा, पिवळा, तपकिरी होत शेवटी काळा पडतो, तो काळा म्हणजे मेटासिनाबारचे रूप. संहत नायट्रिक आम्लालाही ते सहसा दाद देत नाही, अम्लराजात मात्र विरघळते. अल्कलीयुक्त सोडियम सल्फाइडमध्येही ते विरघळते, तिथे पारा दोन गंधकांमध्ये बांधला जातो, पुन्हा तेच दोन शेजारी. या गुणाचा उपयोग रंग बनवणाऱ्यांनी करून घेतला. १६८७ मध्ये जर्मनीच्या गॉटफ्रीड शुल्त्स याने दाखवले की काळे सल्फाइड अमोनियम किंवा पोटॅशियम सल्फाइडच्या द्रावणात कोमट ठेवले की लाल होते. काळे कण थोडे थोडे विरघळतात आणि अधिक स्थिर असलेले लाल रूप द्रावणातून बाहेर पडते. घन स्फटिकात जे अडले होते ते द्रावणाच्या वाटेने होऊन जाते.

रंगद्रव्य म्हणून हिंगूळ रोमन भिंतींपासून चिनी लाखकामापर्यंत पोहोचला. मेक्सिकोतील पालेंके येथे १९९४ मध्ये उघडलेल्या माया थडग्यातल्या राणीचे अवशेष हिंगुळाच्या भुकटीने माखलेले होते. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्यांत दंड, श्लोकांक आणि प्रकरणांची समाप्ती लाल शाईने दाखवत, त्या शाईत हिंगूळ वापरला जाई. अजिंठ्याचा लाल रंग मात्र मुख्यतः गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. मारुतीला लावतात तो शेंदूर शिशाचा ऑक्साइड आणि पारंपरिक कुंकू हळदीचे. ही चारही लाल द्रव्ये बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, त्यांचे रसायन मात्र पूर्ण वेगळे आहे आणि त्यांतली दोन विषारी आहेत.

हिंगुळाचा रंग उन्हात काळवंडतो, हे रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. त्याने सांगितलेल्या प्रसंगात एका धनिकाच्या उघड्या अंगणातल्या भिंती महिनाभरात काळ्या पडल्या. त्यावर उपाय म्हणून तो मेणाचा थर सुचवतो. फार काळ या काळेपणाचे कारण लाल रूपाचे काळ्यात होणारे रूपांतर असे समजले गेले. समज सोयीचा होता, पण पाँपेई आणि इतर ठिकाणच्या काळ्या थरांच्या क्ष-किरण तपासण्यांत मेटासिनाबार सहसा सापडेना. सापडली ती क्लोरीनयुक्त संयुगे. आजचा समज असा की प्रकाशाने हिंगुळात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि हवेतले किंवा मिठातले क्लोराइड यांच्या संगनमताने पृष्ठभागावर कॅलोमेलसारखी संयुगे आणि अतिसूक्ष्म धातुरूप पारा तयार होतो, काळेपणा त्या पाऱ्याचा. बँड गॅप दृश्य प्रकाशाच्या टप्प्यात आहे म्हणून रंग सुंदर दिसतो, आणि त्याच कारणाने प्रकाश त्याला आतून पोखरू शकतो. समुद्राकाठच्या वास्तूंत धोका अधिक.

विषारीपणाच्या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पाऱ्याची वाफ, मर्क्युरिक क्लोराइड आणि विशेषतः मिथाइलमर्क्युरी यांच्या तुलनेत मर्क्युरिक सल्फाइड पचनमार्गातून फार कमी शोषले जाते. प्रयोगशाळेत सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची भुकटी टाकतात ती याच भरवशावर. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. दीर्घकाळ सेवन, अपुरे घोटल्याने उरलेला मोकळा पारा, कणांचा नॅनो आकार, यांनी हिशेब बदलतो. तापवले तर पाऱ्याची वाफ सुटते, हे तर त्याच्या रसायनातच आहे. निसर्गात ऑक्सिजनविना, सल्फेटवर जगणारे काही जिवाणू पाऱ्याचे मिथाइलमर्क्युरीत रूपांतर करतात. गाळातले ताजे, अतिसूक्ष्म सल्फाइड त्यांना जुन्या, नीट स्फटिकलेल्या हिंगुळापेक्षा सहज वापरता येते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार मिथाइलमर्क्युरीचा होता. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. करारानुसार नव्या पारा-खाणी काढता येत नाहीत आणि चालू खाणी १५ वर्षांत बंद करायच्या आहेत.

त्यामुळे कारखान्यांतून निघणाऱ्या शिल्लक पाऱ्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे सर्वमान्य उत्तर म्हणून पुढे आले ते पुन्हा मर्क्युरिक सल्फाइड. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे टाकाऊ पारा कायमचा साठवण्यापूर्वी त्याचे सल्फाइड करणे आवश्यक आहे. दळणयंत्रात घोटून किंवा वाफांचा संयोग घडवून ते करतात. घोटले तर काळे रूप, वाफेच्या वाटेने बहुधा लाल. साठवणीत त्याला हवा, उष्णता आणि क्लोराइडयुक्त पाणी यांपासून दूर ठेवावे लागते. सिमेंटमध्ये बांधायचे असल्यास जादा सल्फाइड राहू न देणे महत्त्वाचे ठरते, कारण सिमेंटच्या अल्कलीयुक्त पाण्यात तेच जादा सल्फाइड पाऱ्याला पुन्हा द्रावणात ओढून नेते.